४३७ मूळ आहे असं मी ठासून सांगितलं. तपासताना थांबायचं कुठे?

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९:४०

लेक सहावीत आहे. परवा तिच्या वहीत 'मूळ संख्या ओळखा' असा प्रश्न होता आणि त्यात ४३७ होती. ती अडली म्हणून मी शेजारी बसले. सम नाही. अंकांची बेरीज १४, म्हणजे ३ गेला. शेवटी ० किंवा ५ नाही. ७ ने भागून बाकी ३, ११ ने ८, १३ नेही ८. म्हटलं, झालं, मूळ आहे, लिही बिनधास्त.

आज वही तपासून आली. लाल शाईत '१९ × २३'. लेक काही बोलली नाही, वही नुसती माझ्यासमोर उघडून ठेवली आणि हात धुवायला गेली.

लहानपणापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की २, ३, ५, ७ ने भाग गेला नाही की संख्या मूळ. मी तर वर दोन पायऱ्या जास्त चढले होते! मग थांबायचं कुठे? एक अट: तिला अजून वर्गमूळ शिकवलेलं नाही. 'वर्गमूळापर्यंत तपास' असं सांगितलं तर पुढचा प्रश्न काय येणार हे मला आत्ताच ऐकू येतंय.

---

हातचा_एक | सोमवार, रात्री १०:०५

अर्ध्यापर्यंत तपासा, सोपं आहे. कुठल्याही संख्येला स्वतः सोडून अर्ध्याहून मोठा विभाजक असूच शकत नाही. ४३७ चं अर्धं २१८ आणि काहीतरी. २१८ पर्यंत गेलात की खात्री.

---

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:११

२१८ पर्यंत जाता जाता मुलगी सातवीत जाईल.

---

बाकीशून्य | सोमवार, रात्री १०:५२

हातचा_एक यांचं म्हणणं खरं आहे, पण त्यात फुकटची मेहनत फार.

विभाजक एकटा येत नाही, जोडीदार घेऊन येतो. ४३७ ला १९ ने भाग जातो हे कळलं त्याच क्षणी २३ ने जातो हेही कळलं. आता समजा, जोडीतले दोघेही २१ किंवा त्याहून मोठे आहेत. मग गुणाकार किमान २१ × २१ = ४४१ होणार, म्हणजे ४३७ च्या पुढे. तेव्हा ४३७ संयुक्त असेल तर जोडीतला एक जण २१ च्या खाली सापडलाच पाहिजे. तो सापडला नाही तर मोठाही नाही. २१ ते २१८ ही सगळी पायपीट वाचली.

आणि २० पर्यंतही सगळ्यांची गरज नाही, फक्त मूळ संख्या पुरतात. २ ने भाग गेला नाही तर ४, ६, ८ ने कुठून जाणार? म्हणून २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९. आठ भागाकार. तुम्ही सहा केलेत.

तुमचा २, ३, ५, ७ वाला नियमही खराच आहे, पण त्याला हद्द आहे. पुढची मूळ संख्या ११, तिचा वर्ग १२१. म्हणून ७ पर्यंतची तपासणी १२० पर्यंतच चालते. शाळेत आपण सगळे १ ते १०० मध्येच खेळलो, त्यामुळे ही हद्द कधी आडवी आलीच नाही. ११ पर्यंत तपासलं तर १६८ पर्यंत खात्री, १३ पर्यंत तपासलं तर २८८ पर्यंत, १७ पर्यंत ३६०, १९ पर्यंत ५२८. तुमची गाडी २८८ ला संपली होती आणि तुम्ही ४३७ ला उतरलात.

---

अर्धविराम | सोमवार, रात्री ११:०४

शंभराच्या आतसुद्धा फसणारे कमी नाहीत. ५१, ५७, ८७, ९१. चौघांचेही चेहरे मूळ संख्येचे. पहिले तिघे अंकांची बेरीज केली की लगेच पकडले जातात, ९१ मात्र पक्का आहे. ७ चा पाढा ७० ला संपतो, १३ चा १३० पर्यंत पाठ असला तरी 'तेरा सत्ते एक्क्याण्णव' ऐन वेळी आठवत नाही.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:१८

पाटीपेन्सिल ताई, वर्गमूळ न काढता थांबण्याची खूण भागाकारातच असते. मुलांना मी हेच दाखवत असे. ४३७ चं उत्तर आता फुटलंच आहे, तर तिची शेजारीण ४३९ घेऊ. २, ३, ५ नुसत्या बघूनच बाद. पुढे भागाकार आणि बाकी शेजारी शेजारी लिहायची:

४३९ ÷ ७ : भागाकार ६२, बाकी ५
४३९ ÷ ११ : भागाकार ३९, बाकी १०
४३९ ÷ १३ : भागाकार ३३, बाकी १०
४३९ ÷ १७ : भागाकार २५, बाकी १४
४३९ ÷ १९ : भागाकार २३, बाकी २
४३९ ÷ २३ : भागाकार १९, बाकी २

भाजक चढत जातो, भागाकार उतरत जातो. ७ च्या समोर ६२ होता, १७ च्या समोर २५, १९ च्या समोर २३. शेवटच्या ओळीत भागाकार भाजकापेक्षा लहान झाला. दोघं एकमेकांना ओलांडून गेले. आता यापुढे कुणी भाजक सापडलाच, तर त्याचा जोडीदार २३ पेक्षा लहान असणार, आणि तिथले सगळे आपण आधीच तपासून बाद केलेत. म्हणून थांबायचं. ४३९ मूळ.

मुलीला 'वर्गमूळ' हा शब्दही सांगू नका. 'भागाकार भाजकाखाली गेला की पेन्सिल खाली' एवढंच सांगा. पुढे वर्गमूळ शिकेल तेव्हा तिचं तिलाच कळेल की आपण तेच करत होतो.

एक पथ्य मात्र पाळायचं. ओलांडायच्या आधी सोडायचं नाही. ३६१ ला १७ ने भागलं की भागाकार २१ येतो, अजून मोठाच आहे. तिथे कंटाळलात तर १९ × १९ हातचा गेला.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ७:३०

मास्तर, साष्टांग. हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी तिच्यासमोर करून बघते.

आणखी एक, विचारायला लाज वाटते पण विचारते. विभाजक आणि विभाज्य यांत माझा अजूनही गोंधळ होतो. ती 'विभाज्य लिहा' वाचते आणि मी विभाजक सांगत बसते.

---

बाकीशून्य | मंगळवार, सकाळी ९:१५

लाज कसली. विभाजक म्हणजे भाग पाडणारा, विभाज्य म्हणजे ज्याचे भाग पडतात तो. 'गायक' गातो आणि 'गेय' ते जे गायलं जातं, तसंच. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२ असे सहाच. १२ चे विभाज्य म्हणजे १२ चा पाढा: १२, २४, ३६ आणि पुढे न संपणारा. यादी संपली तर विभाजक, संपली नाही तर विभाज्य.

---

हातचा_एक | मंगळवार, सकाळी ९:४०

मग ० हा विभाज्य का? आणि १ मूळ का नाही? १ ला १ ने आणि स्वतःने भाग जातोच की.

---

बाकीशून्य | मंगळवार, सकाळी १०:०२

० हा प्रत्येक संख्येचा विभाज्य आहे, १२ × ० = ०. शालेय यादीत तो लिहीत नाहीत एवढंच.

मूळ संख्येला बरोब्बर दोन वेगवेगळे विभाजक लागतात. १ ला एकच आहे. तुम्ही म्हणाल, ही पळवाट झाली. पण १ ला मूळ म्हटलं तर ६ = २ × ३, ६ = १ × २ × ३, ६ = १ × १ × २ × ३... अवयव पाडायला बसलात तर उठणार कधी? प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हा सगळ्या अंकगणिताचा कणा आहे. तो वाचवायला १ ला बाहेर ठेवला.

---

कोडकिडा | मंगळवार, दुपारी १:२०

थांबण्याच्या मुद्द्यावर माझी एक फजिती. मूळ संख्यांची यादी देणारा छोटासा प्रोग्राम लिहिला होता. अट घातली: भाजक गुणिले भाजक हे संख्येपेक्षा लहान आहे तोवर तपासत राहा. चालवला, यादी आली, नुसती नजर फिरवली तर झकास दिसत होती. म्हटलं १०० पर्यंतच्या मोजून बघू, २५ यायला हव्यात. आल्या २९. अर्धा तास डोकं खाजवल्यावर दिसलं की यादीत ४, ९, २५ आणि ४९ शांतपणे बसलेत. 'पेक्षा लहान' च्या जागी 'पेक्षा लहान किंवा तितकाच' हवं होतं. ७ × ७ हे ४९ पेक्षा लहान नाही, त्यामुळे ७ ची पाळी येण्याआधीच गडी बाहेर. मास्तरांचं ३६१ चं पथ्य तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

आणि अर्ध्यापर्यंत जाण्याबद्दल. बारा अंकी संख्या घेतली तर अर्ध्यापर्यंत म्हणजे पन्नास ते पाचशे अब्ज भागाकार. वर्गमूळापर्यंत जास्तीत जास्त दहा लाख. फक्त मूळ संख्यांनीच भागलं तर त्याहून कमी, कारण दहा लाखांखाली मूळ संख्या ७८,४९८ च आहेत. संगणकसुद्धा पहिल्या पद्धतीला वैतागतो.

---

अर्धविराम | मंगळवार, दुपारी १:३१

७, ११, १३ हे तिघं एका दगडात मरतात, ते कुणी सांगितलंच नाही अजून. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने वजा-अधिक करायचं. ४५,३१८ घ्या: ३१८ − ४५ = २७३. २७३ ला ७ ने जातो, १३ ने जातो, ११ ने नाही. तर ४५,३१८ चंही तेच.

लाखाच्या वर गेलात तर आपले स्वल्पविराम विसरा हं. १२,३४,५६७ चे गट १ । २३४ । ५६७ असे पडतात. ५६७ − २३४ + १ = ३३४. तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ८:५५

४३९ करून बघितलं. १९ च्या ओळीपर्यंत ती मुकाट्याने करत होती. २३ ने भागल्यावर थांबली, दोन्ही ओळींवर बोट ठेवून म्हणाली, "हे तर तेच आहे, उलटं." १९ ला २३ आणि २३ ला १९. मला नियम सांगावाच लागला नाही.

मग तिचा प्रश्न: मूळ आहे की नाही हे कळलं, पण सगळे विभाजक लिहायचे असतील तर? एखादा सुटला तर कळणार कसं?

---

बाकीशून्य | मंगळवार, रात्री ९:३०

हुशार आहे पोरगी. जोड्यांनीच लिहायचे, दोन्ही टोकांकडून आत येत. ३६० चे बघा:

१ – ३६०, २ – १८०, ३ – १२०, ४ – ९०, ५ – ७२, ६ – ६०, ८ – ४५, ९ – ४०, १० – ३६, १२ – ३०, १५ – २४, १८ – २०

१८ च्या समोर २० आला, मध्ये १९ ने भाग जात नाही, दोन्ही टोकं भेटली. इथेही थांबण्याची खूण तीच.

सुटला का ते तपासायला मूळ अवयव पाडा. ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. कुठल्याही विभाजकात २ किती वेळा येईल? शून्य ते तीन, म्हणजे ४ पर्याय. ३ चे ३ पर्याय, ५ चे २. ४ × ३ × २ = २४. वर बारा जोड्या आहेत, म्हणजे २४. हिशेब जुळला.

तिला १४४ चे लिहायला सांगा आणि मोजायला लावा. १५ येतील. विषम का आले ते सांगू नका.

---

जुनीवही | बुधवार, सकाळी ११:१०

लहान भाजकापासून चढत जाणं हा एक रस्ता. दुसरा रस्ता मधूनच सुरू होतो, आणि तो आपल्याकडे जुना आहे. नारायण पंडिताच्या 'गणितकौमुदी'त (इ. स. १३५६) विभाजक शोधण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात ही युक्ती येते. युरोपात ती सतराव्या शतकातल्या फर्माच्या नावाने ओळखतात.

कल्पना अशी: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडता आली की अवयव आयते मिळतात. उदाहरण ७३८७. हिच्या खालचा सर्वांत जवळचा वर्ग ८५ × ८५ = ७२२५. उरले १६२. पुढच्या वर्गाला जायला ८५ ची दुप्पट अधिक १, म्हणजे १७१ लागतात. १७१ − १६२ = ९, आणि ९ हा पूर्ण वर्ग! म्हणजे ७३८७ = ८६ चा वर्ग − ३ चा वर्ग = ८३ × ८९. एका पावलात काम. खालून चढत गेलो असतो तर ८३ पर्यंत तेवीस मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या.

दर वेळी इतकं नशीब लागत नाही. ११२१ ला हेच करून बघा. ३४ चा वर्ग ११५६, त्यातून ११२१ गेले की ३५, तिथून पुढे: ३५, १०४, १७५, २४८, ३२३, ४००. दर पावलाला पुढची विषम संख्या मिळवायची (६९, ७१, ७३...), आणि सहाव्या पावलाला ४०० = २० चा वर्ग भेटतो. ३९ चा वर्ग − २० चा वर्ग = १९ × ५९. अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर हा रस्ता झटपट, लांब असतील तर खालून चढलेलंच बरं. मला यातली मौज अशी वाटते की इथे भागाकार एकही नाही. नुसती बेरीज आणि वर्ग ओळखण्याची नजर.

---

हातचा_एक | बुधवार, दुपारी १२:४५

पण शेवटी अवयव सापडल्याशिवाय संयुक्त आहे हे कळणार नाहीच ना? म्हणजे रस्ता कुठलाही घ्या, शोधाशोध आहेच.

---

कोडकिडा | बुधवार, दुपारी २:०५

हातचा_एक, इथेच खरी गंमत आहे. अवयव एकही माहीत नसताना संख्या संयुक्त आहे हे सिद्ध करता येतं.

फर्माचाच छोटा सिद्धांत: संख्या मूळ असेल आणि २ पेक्षा मोठी असेल, तर २ चा (संख्या − १) वा घात तिने भागल्यावर बाकी १ च उरते. ९१ वर लावू. २ चा १२ वा घात ४०९६, आणि ९१ × ४५ = ४०९५, म्हणजे बाकी १. आपल्याला ९० वा घात हवा. ९० = १२ × ७ + ६. बारांचे सात गठ्ठे प्रत्येकी १ देऊन गेले, उरला ६ वा घात, ६४. बाकी ६४, म्हणजे १ नाही. ९१ संयुक्त, खलास. ७ आणि १३ चं नावही घेतलं नाही.

उलट बाजूने मात्र विश्वास ठेवायचा नाही. ३४१ ही कसोटी पास होते आणि आहे ११ × ३१. ५६१ तर आणखी पोचलेली: २ च्या जागी तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेली) कुठलीही संख्या घ्या, बाकी १ च. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ सुद्धा याच टोळीतली, ७ × १३ × १९. म्हणून प्रत्यक्षात याचीच कडक आवृत्ती वापरतात, मिलर-राबिन नावाची. आणि कुठेही 'बहुधा' न म्हणता, मोठ्या संख्यांनाही आवाक्यातल्या वेळात नक्की उत्तर देणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.

'मूळ आहे का' आणि 'अवयव कोणते' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा फार म्हणजे फार अवघड. २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या मूळ नाही हे ल्युका या गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं. अवयव काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. ते कोल याने १९०३ मध्ये मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार. मधली सत्तावीस वर्षं ती संख्या संयुक्त असल्याचं ठाऊक होतं, पण ती फुटत नव्हती. ऑनलाइन व्यवहारांचं बरंचसं कुलूप याच दोन प्रश्नांमधल्या अंतरावर उभं आहे.

---

निवृत्त_मास्तर | बुधवार, सायंकाळी ५:३०

कोडकिडा, छान मांडलंत. सहावीच्या मुलीला आत्ताच सांगू नका मात्र, नाहीतर उद्या वहीत लिहील, 'संयुक्त आहे, अवयव विचारू नये'.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ९:१०

मास्तर, उशीर झाला, तिने मागून वाचलं. :)

१४४ चे १५ आले. "बारा स्वतःशीच जोडी लावतो" हे तिचं वाक्य, जसंच्या तसं. मग ३६ आणि १०० पण करून बघितले, ९ आणि ९.

जुनीवही यांची पद्धत तिला फार आवडली, पण वर्ग आठवायला लागतात म्हणून कुरकुर. आता वहीच्या मागच्या पानावर १ ते ५० चे वर्ग लिहीत बसली आहे, मी सांगितलेलं नसताना. धाग्यावरच्या सगळ्यांसाठी तिच्याकडून एक संख्या: १७६३. भागाकार न करता सांगायचं म्हणते.

---

जुनीवही | बुधवार, रात्री ९:२२

बेचाळीसचा वर्ग १७६४. म्हणजे ४१ × ४३. पुढची द्या.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ९:२५

१७७७.

---

हातचा_एक | बुधवार, रात्री ९:५८

मी बसलो होतो कागद घेऊन. ३७ ने बाकी १ उरली तेव्हा जीव वरखाली झाला. ४१ ने १४. ४३ ने भागलं तर भागाकार ४१. पेन्सिल खाली. मूळ आहे.